खुर्चीतल्या बाईचा चेहरा

भुतं फक्त रात्रीच येतात अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी हे वाचू नये. उगाच हसतील, आणि हसणाऱ्यांचा मला आता राग येतो.

हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. मैत्रिणीच्या मैत्रिणीचं तर मुळीच नाही. मी तिथे होते, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आणि नुसती उभी नव्हते... जे झालं त्यात माझाही वाटा आहे. तो मी लपवणार नाही.

वार सोमवार. वेळ दुपारी सव्वादोनची. जागा, चित्रसंग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावरचं सात नंबरचं दालन. छताला काचा होत्या. एवढा लख्ख उजेड पडायचा की जमिनीवरची सुई उभ्याने दिसावी.

अंधाराचा इथे काहीच संबंध नाही.

आधी घरचं सांगते. घरात आम्ही तिघीच. आई, ताई आणि मी. आई शिवणकाम करते, गळ्यात कायम टेप. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघी एकाच कलाशाळेत, ती शेवटच्या वर्षाला आणि मी दुसऱ्या. ताईने पेन्सिल टेकवली की कागदावर माणूस उभा राहायचा. मी टेकवली की टोक मोडायचं. तोंड मात्र माझं दिवसभर चालू, म्हणून ताई मला टकळी म्हणते.

सोमवारी संग्रहालय लोकांना बंद असायचं. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांना जुन्या चित्रांची नक्कल करायला आत सोडायचे. ताईचं सामान वाहायला मीही जायचे. तेल, चिंध्या आणि ब्रश धुणं ही माझी खाती.

नक्कल म्हणजे कॉपी मारणं नव्हे हं. जुना चित्रकार ज्या क्रमाने गेला, त्याच क्रमाने जायचं. आधी तपकिरी रेषा. त्यावर राखाडी छाया. ते सुकलं की मग पातळ रंगाचे एकावर एक हात. एका सोमवारी एक हात. त्याने जे खाली घातलं ते खाली, जे वर घातलं ते वर. असं केलं की मेलेल्या माणसाचा हात आपल्या हातात उतरतो, असं आमचे सर म्हणायचे.

त्या वेळी आम्हाला हे ऐकायला फार भारी वाटायचं.

सरांना सगळे पुसा सर म्हणायचे. कारण मागे येऊन उभे राहिले की एकच शब्द, “पुसा.” त्यांचे नियम ठरलेले. नक्कल मूळ चित्रापेक्षा चार बोटं लहान हवी. काम उभ्यानेच करायचं, दालनात खुर्ची आणायची नाही. आणि स्वतःचं काही म्हणजे काही घालायचं नाही.

“तुमची अक्कल बाहेर चपलांबरोबर ठेवून या,” ते म्हणायचे. “जे समोर आहे, तेवढंच.”

ताईच्या वाट्याला आलं ते चित्र अगदी साधं होतं. एक खोली. डावीकडे खिडकी, टेबलावर पाण्याचा जग, मधोमध एक लाकडी खुर्ची. खुर्ची रिकामी. पण तिच्यावरच्या उशीला खळगा पडलेला... कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

चित्रांची डागडुजी करतात त्या खोलीत या चित्राचा एक एक्स-रे होता. त्यात वरचे रंग जाऊन खालचं दिसायचं. सरांनी तो आम्हाला दाखवला.

खुर्ची रिकामी नव्हती.

तिच्यात एक बाई बसली होती. हात मांडीवर. पाठ ताठ. चित्रकाराने आधी तिला रंगवलं होतं आणि मग तिच्यावर रिकामी खुर्ची रंगवून तिला बुजवून टाकलं होतं.

फक्त तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी नुसता लांबट गोल.

“चेहरा त्याने केलाच नाही,” सर म्हणाले. “का केला नाही, ते त्यालाच ठाऊक.”

ताईचे डोळे चमकले. मी तिला ओळखते. म्हणजे... तेव्हा ओळखत होते.

“सर, मी त्याच्याच क्रमाने जाऊ? आधी ती बाई, मग वरून खुर्ची?”

सरांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. “जा. पण त्याने चेहरा कोरा ठेवलाय, तर तूही कोराच ठेव. बाई सुकली की पुढच्या सोमवारी झाकून टाक. तिचे लाड करत बसू नकोस.”

पहिले तीन सोमवार सुरळीत गेले. रेषा झाल्या. खिडकी, टेबल, जग झाले. बाईचे खांदे झाले, हात झाले.

चौथा सोमवार. सर दाढ काढायला गेले होते. बाकीची मुलं दुसऱ्या दालनांत. सात नंबरमध्ये आम्ही दोघीच, आणि दाराबाहेर स्टुलावर पहारेकरी काका.

ताई त्या कोऱ्या गोलासमोर उभी होती. बराच वेळ. ब्रश हातात, पण हात हलत नव्हता.

“काय गं?” मी विचारलं.

“हे बघवत नाही मला. सगळी बाई आहे आणि तोंडच नाही.”

“मग कर की तोंड.”

“सर काय म्हणाले?”

“सर दवाखान्यात आ करून बसलेत. आणि पुढच्या सोमवारी तू झाकणारच आहेस ना? कोण बघायला येतंय?”

हे मी म्हणाले. मीच.

“कुणाचा करू? समोर बसायला कोण आहे?”

मी पिशवीतून छोटा आरसा काढला आणि तिच्यासमोर धरला.

“ही आहे की. फुकट आहे आणि हलत नाही.”

ताई हसली. आणि आरशात बघून तिने स्वतःचा चेहरा त्या बाईला द्यायला सुरुवात केली.

तासभर मी आरसा धरून उभी होते. हात भरून आले. पण चित्र बघून माझी टकळी बंद झाली होती. ताईची जाड भुवई. डाव्या गालावरचा तीळ. बोलायच्या आधी ओठ किंचित उघडायची तिची सवय... सगळं उतरलं होतं. माझ्या मनात आलं, ही ताईपेक्षाही जास्त ताई दिसतेय.

मला ते आवडलं नाही. पण बोलले नाही.

बरोबर सव्वादोनला आम्ही दोघी ब्रश धुवायला गेलो. जिन्याखाली मोरी होती. दहा मिनिटं, फार तर. काका दारातच बसलेले, आत कुणी गेलं नाही.

परत येताना दाराशी पोहोचलो, आणि...

कर्रर्र.

जुन्या लाकडी खुर्चीतून कुणी उठलं की येतो तो आवाज. अगदी स्वच्छ, आतून.

पण आत खुर्ची नव्हती. मी मघाशीच सांगितलं, दालनात खुर्ची न्यायचीच नाही. बाहेरचं स्टूल लोखंडी, आणि त्यावर काका बसलेले होते.

ताई पुढे झाली. कॅनव्हाससमोर गेली आणि थबकली.

बाई होती. खांदे होते. मांडीवर हात होते.

चेहरा नव्हता.

परत तोच कोरा गोल.

“टकळे, तू पुसलंस?”

“मी? अगं, मी तुझ्याबरोबर मोरीवर होते!”

“मग कुणी पुसलं?”

तिने बोट लावून बघितलं. तेलाचा रंग असा दहा मिनिटांत सुकत नाही. पुसला तरी डाग राहतो, चिंधीला लागतो, बोटाला लागतो. तिथे काहीच नव्हतं. कोरडं ठणठणीत. तिथे कधी ब्रशच लागला नव्हता जणू.

काका म्हणाले, “मुलींनो, भूक लागली की असं होतं, घरी जा.” आम्ही गेलो. वाटेत ताईने शपथ घालून मला दहादा विचारलं. शेवटी दोघी रुसून बसलो.

त्या आठवड्यात ताईला ताप भरला. शनिवार, रविवार ती अंथरुणात होती. मी तिच्या उशाशी होते. हे लक्षात ठेवा.

सोमवारी आम्ही गेलो तर दारात काका माझ्यावरच घसरले.

“तुझ्या बहिणीला काही रीतभात? काल सुट्टीची एवढी गर्दी, आणि ही माझ्या स्टुलावर बसून राहिली. दोन तास. ऊठ म्हटलं तर उठली, हसली, आणि निघून गेली. तोंडातून शब्द नाही.”

मी हसायला गेले. “काका, काल ही तापाने फणफणली होती.”

“अगं, मी काय आंधळा आहे? तो गालावरचा तीळ, त्या भुवया. महिनाभर बघतोय मी तिला.”

मग त्यांनी माझ्या शेजारी बघितलं. शेजारी ताई उभी होती.

“आणि ही कोण? नवीन आहे का? पास दाखव, बाळ.”

मला वाटलं, मस्करी करतात.

काका मस्करी करत नव्हते. त्यांनी पास हातात घेतला, फोटो बघितला, ताईकडे बघितलं, परत फोटो बघितला. “हो, तीच दिसतेस,” असं पुटपुटत आत सोडलं. पण त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

ताईने त्या दिवशी चित्राला हात लावला नाही, पुढच्या सोमवारीही नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

त्यानंतर हे वाढतच गेलं.

बसमध्ये वर्गातली मुलगी तिच्या शेजारी बसून अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारायची, “पुढचा स्टॉप कुठला?” दुकानदार म्हणायचा, नवीन राहायला आलात का. आधी आम्ही हसलो. मी तर ताईला म्हटलं, “बरंय की, उधारी बुडवून पळता येईल.” ताईही हसली होती.

मग एका संध्याकाळी ताई जिना चढत होती आणि आई खाली उतरत होती. मी ताईच्या मागे दोन पायऱ्यांवर. आई थांबली आणि अदबीने म्हणाली,

“कोण हवंय आपल्याला?”



“आई, अगं...” ताई एवढंच म्हणाली.

आवाज ऐकला आणि आईच्या हातातली पिशवी पडली. मग दोघी जिन्यातच बसून रडल्या. मी पायऱ्यांवर पडलेले शिवलेले ब्लाउज गोळा करत बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आईचे डोळे उत्तम. ताईचा चेहराही तसाच होता हो. तीळ होता, भुवया होत्या. समोर बसून बघितलं की सगळं दिसायचं. पण नजर जरा बाजूला गेली की तो चेहरा डोक्यातून निघून जायचा. पुन्हा बघितलं की परकी बाई. फोटोचंही तेच. फोटो खाली ठेवला की संपलं.

आईने मग आपला उपाय काढला. ताई बाहेरून आली की आई गळ्यातली टेप काढायची आणि तिच्या खांद्यावर धरायची.

“खांदा साडेचौदा... बाही एकवीस... हो, हो. तूच गं.”

आणि मग तिला जवळ घ्यायची. रोज. मी आत जाऊन नळ सोडायचे, म्हणजे माझं रडणं ऐकू येऊ नये.

तरीही मी त्या चित्राशी याचा संबंध जोडला नव्हता. खरं सांगायचं तर जोडायचा नव्हता. आरसा मी धरला होता ना.

संबंध जोडला तो एका गुरुवारी. त्या दिवशी वर्गात व्यक्तिचित्राचा तास होता. ताई मॉडेल म्हणून मधे बसली. भोवती बाराजण. मुलं कमी पडत होती म्हणून मलाही बसवलं होतं. तीन तास. फक्त कोळशाची खरखर.

तास संपल्यावर सरांनी कागद भिंतीला लावले.

बारा कागद. केस होते, मान होती, खांदे होते, कुणी कानातलंसुद्धा काढलं होतं.

चेहरा एकाही कागदावर नव्हता.

बारा कोरे गोल.

“वेळ पुरला नाही, सर.” “चेहरा शेवटी करणार होतो.” प्रत्येकाने काहीतरी सांगितलं. शेवटी वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा होता, तो खाली मान घालून म्हणाला, “सर, बघतो तेव्हा दिसतो. कागदाकडे मान वळवली की निघून जातो. एवढा वेळसुद्धा धरून ठेवता येत नाही.”

बारावा कागद माझा होता. मी जन्मल्यापासून जे तोंड बघतेय, ते मला काढता आलं नव्हतं.

ताई उठली. एकेक कागद बघत गेली. कुणावर रागावली नाही. माझ्या कागदापाशी थोडी जास्त थांबली, एवढंच.

मी सरांना बाजूला घेतलं आणि सगळं ओकले. आरसा, तीळ, मोरी, कर्रर्र आवाज, काकांचं स्टूल. मला वाटलं, झापतील. त्यांनी कपाळाला हात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

“झाकून टाकायचं,” ते म्हणाले. “त्याने झाकली होती. म्हणजे तेच करायचं असतं. सोमवारी मी स्वतः येतो.”

सोमवार. सात नंबर. छतातून तोच लख्ख उजेड.

सर डावीकडे, मी उजवीकडे, मधे ताई. तिने रंग कालवला आणि बाईवर खुर्ची चढवायला घेतली. आधी पाय झाकले. मग मांडीवरचे हात. तिथे उशी आली, उशीवर खळगा आला. मग छाती, खांदे. खुर्चीची पाठ त्यावर आली.

अडीच तास हे चाललं होतं.

राहता राहिला तो कोरा गोल. तिथे मागची भिंत यायची होती. नुसता फिका करडा रंग.

तिने ब्रश टेकवला. गोल अर्धा बुजला...

आणि बाहेर पावलं वाजली.

लांबून. जिन्यावरून. चपलांची नाहीत, अनवाणी. धावत येणारी.

मी सरांकडे बघितलं. त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पावलं जिना चढली. बाहेरच्या लांब व्हरांड्यात आली. जवळ... आणखी जवळ... कुणीतरी जिवाच्या आकांताने पळत होतं.

“ताई, थांब,” मी म्हणाले. का म्हणाले, मलाही माहीत नाही.

पण तिचा ब्रश शेवटच्या कोपऱ्यावरून फिरला होता. गोल बुजला.

पावलं दारातच थांबली.

मी वळून बघितलं. दार सताड उघडं. दारात कुणी नाही. काका स्टुलावर पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नव्हती.

पण धाप लागल्यावर येतो तो श्वास... तो येत होता. दारातून. मग तोही थांबला.

तेव्हा मला कळलं.

सर म्हणायचे, त्या चित्रकाराने चेहरा केलाच नव्हता. केला असणार. त्यानेही केला असणार, कुणाचा तरी. तो चेहरा उठून गेला होता, म्हणून एक्स-रेत कोरा गोल दिसत होता. आणि चेहरा बाहेर असतानाच चित्रकाराने त्याची जागा बुजवली होती.

आम्हीही तेच केलं होतं. क्रमाने, अगदी त्याच्यासारखं.

“सर, ती परत येत होती! आत यायला येत होती!”

सरांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग ते ओरडले. आयुष्यभर म्हटलेला शब्द, पण असा मी कधी ऐकला नव्हता.

“पुसा! वरचा हात पुसून टाका! ओला आहे अजून!”

मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. ताईने दुसरी घेतली. ओला रंग पटापट निघाला. खालचा थर चार आठवड्यांचा सुकलेला, त्याला काही होणार नव्हतं. खाली बाई असणारच होती.

खाली खुर्ची होती.

रिकामी. सुकलेली. तिच्यावर उशी, उशीवर खळगा.

बाई नव्हतीच.

ताईने चिंधी खाली ठेवली. हात पुसले, आणि मला म्हणाली, “चल टकळे, घरी जाऊ. आई वाट बघत असेल.”

त्या नकलेला वर्गात पहिला नंबर मिळाला. नाव पुकारलं तेव्हा ताई उठून पुढे गेली, आणि सगळे मागे वळून बघत राहिले, बक्षीस घ्यायला कोण येतंय म्हणून. पुसा सरांनी त्या वर्षीच शिकवणं सोडलं. त्यांच्या घरी मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांनी दार उघडलं नाही.

याला आता चार वर्षं झाली.

ताई आमच्याबरोबरच राहते. चित्रं सोडली. आईला काजं-बटणं करून देते. बाहेर फारशी जात नाही. मी तिला आवाजाने ओळखते, चालीने ओळखते, हातांवरून ओळखते. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. एकदा आपल्या माणसाकडे बघून आधी परकं वाटून बघा, म्हणजे कळेल. रोज सकाळी एक क्षण मला तिची भीती वाटते. आणि तिला ते दिसतं. तिला प्रत्येक वेळी दिसतं.

हे सगळं आज लिहायचं कारण गेल्या मंगळवारचं आहे.

दुपारचे चार वाजले होते. आई मशीनवर. मी आणि ताई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. बेल वाजली.

आई उठली. दारातल्या छोट्या भिंगाला डोळा लावला.

आणि माझी आई हसली. चार वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. तोंडभर. वय कमी झाल्यासारखी दिसली ती.

“अगं, ताई आली!” ती म्हणाली. “ताई आली गं आपली!”

टेपला तिने हातही लावला नाही. लागलीच नाही टेप.

माझ्या हातातली सुरी पडली. शेजारी ताई बसली होती. ओल्या हातात अर्धा सोललेला बटाटा.

“आई, थांब! उघडू नकोस!”

मी धावले आणि आईचा हात कडीवरून बाजूला केला. आई माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी वेडी झालेय. “अगं, बाहेर उभी आहे ती. किती वाळलीय. घे ना तिला आत.”

मी भिंगातून बघितलं.

जाड भुवई. डाव्या गालावर तीळ. ओठ किंचित उघडे, आता काहीतरी बोलेल असे.

ताई. माझी ताई. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला एका नजरेत ओळखलं. मला धडकी भरायला हवी होती. पण खरं सांगते, मला रडू आलं ते आनंदाने. इतकी आठवण आली होती मला त्या चेहऱ्याची.

ती काही बोलली नाही. दार वाजवलं नाही. नुसती वाट बघत होती.

मागून स्वयंपाकघरातून आवाज आला. शांत, नेहमीचा.

“उघड गं, टकळे. आई किती खूश झालीय बघ. मला तरी कुठे ओळखता तुम्ही?”

मी मागे वळले नाही. वळले असते तर तिथे परकी बाई दिसली असती, आणि ते त्या क्षणी मला सहन झालं नसतं.

थोड्या वेळाने बाहेरची पावलं जिना उतरून गेली. अनवाणी.

त्यानंतर ती रोज चारला येते. एकदा बेल, मग शांतता. आई साडेतीनपासून दाराशी खुर्ची टाकून बसते, आणि ताई तिला काही म्हणत नाही. मी कामावरून लवकर येते, ती याच भीतीने.

दार अजून तरी उघडलेलं नाही. पण काल बेल वाजली, आणि भानावर आले तेव्हा मी दाराशी उभी होते. माझा हात कडीवर होता. ती लावायला गेला होता की काढायला... ते मला आजही सांगता येत नाही.